लाल सिग्नलला थांबणारा गुंड

ऑगस्ट २००२ मध्ये 'माफिया : द सिटी ऑफ लॉस्ट हेवन' हा कॉम्प्युटर गेम आला, तेव्हा त्याच्याबद्दल ऐकू येणारी पहिली तक्रार अशी, की यातल्या गाड्या फारच हळू धावतात. तक्रार खरी आहे. तुम्ही खिशात पिस्तूल असलेले गुंड, गाडीत तुमचे दोन साथीदार, शहराच्या दुसऱ्या टोकाला कुणालातरी धमकावायला निघालेले. आणि गाडी चढावर धापा टाकत, पहिल्या गिअरमध्ये कशीबशी वर सरकते आहे. उतारावर जरा वेग घेतला आणि काटा ताशी ४० मैलांच्या पुढे गेला, की पोलिसांची गाडी मागे लागलीच. थांबायचं, मुकाट्याने दंड भरायचा, पुढे जायचं. लाल सिग्नल तोडला तरी तेच. वेग मर्यादेच्या आत राहावा म्हणून गेममध्ये एक खास बटणसुद्धा दिलं होतं. दरोडेखोराच्या खेळात वेगमर्यादा पाळायचं बटण! हे ज्याला सुचलं त्याला माझा नमस्कार.

जेमतेम दहा महिने आधी, ऑक्टोबर २००१ मध्ये, 'ग्रँड थेफ्ट ऑटो ३' आला होता. त्यात दिसेल ती गाडी पळवायची, दिसेल त्याला उडवायचं आणि पोलीस मागे लागले तर रंग बदलून सुटायचं. तिथून आलेल्या माणसाला 'माफिया' म्हणजे शिक्षाच वाटली असणार. गंमत म्हणजे दोन्ही गेम शेवटी टेक-टू नावाच्या एकाच अमेरिकी कंपनीच्या छत्राखालचे. त्यात लगेच 'व्हाइस सिटी' आला, आपल्याकडचे सायबर कॅफे त्याने भरून गेले आणि 'माफिया' हा ज्याला सापडला त्याचाच राहिला.

मला मात्र ती शिक्षा हीच या गेमची सगळ्यात मोठी कमाई वाटते. त्याच्या उणिवाही बहुतेक तिच्याच पोटी जन्मल्या आहेत. पण आधी हा प्रकार आला कुठून ते पाहू.

गेम अमेरिकेचा, १९३०च्या दशकातल्या इटालियन गुंडांचा. पण केला तो झेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरात. मेंडेलने वाटाण्याच्या वेलींवर प्रयोग केले ते हेच गाव. 'इल्यूजन सॉफ्टवर्क्स' ही कंपनी तिथे १९९७ मध्ये सुरू झाली आणि १९९९ मध्ये 'हिडन अँड डेंजरस' या दुसऱ्या महायुद्धावरच्या गेममुळे तिचं नाव झालं. 'माफिया'चं काम १९९८च्या अखेरीस सुरू झालं तेव्हा बेत वेगळाच होता. गाड्या पळवण्याचा खेळ, आणि नायक चक्क पोलीस. पुढे लेखनाची सूत्रं डॅनिएल व्हावरा या तरुणाकडे आली आणि पोलिसाचा गुंड झाला. व्हावराचा जन्म १९७५चा. म्हणजे नोव्हेंबर १९८९ मध्ये चेकोस्लोव्हाकियातली कम्युनिस्ट राजवट कोसळली तेव्हा तो चौदा वर्षांचा. या पिढीला अमेरिका कळली ती मुख्यतः पडद्यावरून, आणि तीही उशिरा, एकदम, भरभरून. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कथा साधी आहे. टॉमी अँजेलो हा लॉस्ट हेवन नावाच्या काल्पनिक शहरातला टॅक्सीवाला. १९३० साली एका रात्री पॉली आणि सॅम हे दोन गुंड बंदुकीच्या धाकाने त्याच्या टॅक्सीत शिरतात, पाठलाग चुकवायला लावतात, नंतर पैशांचं पाकीट हातावर ठेवतात. दुसऱ्या दिवशी विरोधी टोळीची माणसं त्याची टॅक्सी फोडतात, आणि जीव वाचवायला तो डॉन सालिएरीच्या बारमध्ये धावतो. तिथून तो त्या टोळीचाच होतो. पण त्याआधी गेम तुम्हाला काय करायला लावतो? टॅक्सी चालवायला. एकामागून एक गिऱ्हाइकं घ्यायची, सांगतील तिथे सोडायची. कंटाळवाणं काम आहे आणि ते मुद्दाम कंटाळवाणं ठेवलं आहे. गुंड होण्याआधी टॉमी काय होता हे संवादांतून सांगण्याऐवजी तुमच्याकडून ते काम करून घेतलं, म्हणून पुढे टोळीचे पैसे हातात आल्यावर त्यांची किंमत वाटते.

आता गाड्यांकडे. परवान्यांची भानगड टाळायला गेममध्ये सगळ्या कंपन्यांची नावं खोटी आहेत, पण पत्र्याचा बाक आणि दिव्यांची ठेवण पाहून जाणकार मूळ गाडी ओळखतात. खऱ्या इतिहासात काय होतं? फोर्डची मॉडेल टी १९२७ मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी आलेल्या मॉडेल ए ची ताकद होती ४० अश्वशक्ती. आजची आपली साधी छोटी गाडीही याहून दणकट असते. मग १९३२ मध्ये फोर्डने स्वस्तातल्या गाडीत आठ सिलिंडरचं इंजिन बसवलं. ६५ अश्वशक्ती, आणि तीही सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत. या गाडीने जितकं भलं गिऱ्हाइकांचं केलं तितकंच दरोडेखोरांचं. बऱ्याच गावांच्या पोलिसांकडे तिला गाठेल असं वाहनच नव्हतं. बॉनी आणि क्लाइड २३ मे १९३४ रोजी लुइझियानात गोळीबारात मेले ते चोरलेल्या फोर्ड व्ही-८ मध्येच.

इतिहासाच्या पुस्तकात हे एका ओळीत येतं आणि आपण पुढे सरकतो. 'माफिया'त ते पायाला कळतं. गेम १९३० पासून १९३८ पर्यंत सरकतो, गाड्या एकेका वर्षाने बदलतात, आणि मध्येच कधीतरी जाणवतं की ज्या चढावर पूर्वी गाडी रडायची तिथे आता ती सहज चढते. पोलिसांच्याही गाड्या सुधारलेल्या असतात, म्हणजे हिशेब पुन्हा तिथेच. दशक उलटल्याची अशी जाणीव मला कुठल्या चित्रपटाने दिलेली नाही. चित्रपटात गाडी दिसते. तिचा ब्रेक किती उशिरा लागतो हे कळत नाही. शिवाय पेट्रोल संपतं. प्रत्येक नव्या बनावटीच्या गाडीचं कुलूप कसं उघडायचं हे टोळीचा तोतरा मेकॅनिक राल्फ शिकवतो, तोवर ती गाडी तुमच्या उपयोगाची नाही. बंदुकीचंही तसंच. अर्धी मॅगझिन काढून नवी घातली, की आधीचीतल्या उरलेल्या गोळ्या गेल्याच. उघड्यावर पिस्तूल हातात धरून चाललात तर पोलीस दंडाची पावती फाडत बसत नाहीत.

आणि परतीचे प्रवास! काम उरकल्यावर बहुतेक गेम तुम्हाला उचलून पुढच्या कामावर ठेवतात. इथे बऱ्याचदा गाडी चालवत बारवर परत यायचं असतं. रात्र असते, पॉली शेजारी बसून काहीतरी बरळत असतो, डोक्यावरून जाणारी रेल्वे खडखडते, आणि नुकतंच आपण काय केलं याचा विचार करायला नको तितका वेळ मिळतो.

उणिवांपैकी सगळ्यात कुप्रसिद्ध ती मोटार शर्यत. डॉनने एका चालकावर पैसे लावलेत, तो चालक ऐनवेळी जायबंदी होतो आणि टॉमीला स्वतः उतरावं लागतं. शर्यतीची गाडी अरुंद चाकांची, वळणावर मागचा भाग हातभर बाहेर फेकणारी. मूळ आवृत्तीत एक चूक झाली की शर्यत गेली, कारण मिशनच्या मध्ये आपल्या मर्जीने गेम साठवायची सोयच नाही. ज्या प्रामाणिकपणाने चढावरची धाप दाखवली त्याच प्रामाणिकपणाने इथे खेळणाऱ्याचा जीव काढला. फरक एवढाच की चढावर वास्तवाचा कथेला उपयोग होता. इथे कथा अडकून पडते. कितीतरी जणांनी हा गेम इथेच सोडला, आणि त्यांना दोष देता येणार नाही. कंपनीने नंतर दुरुस्तीत शर्यत सोपी करायचा पर्याय दिला, यातच काय ते आलं.

दुसरी उणीव जास्त खोल आहे. शहर रिकामं आहे. म्हणजे ट्राम आहेत, उघडणारा पूल आहे, लिटल इटली, चायनाटाऊन, श्रीमंतांची टेकडी सगळं आहे. पण मुख्य कथेत त्या शहरात तुम्हाला करण्यासारखं काहीच नाही. दुकानांत शिरता येत नाही, कुणाशी बोलता येत नाही. मनसोक्त भटकायचं तर 'फ्री राइड' हा वेगळा विभाग, ज्याचा कथेशी संबंध नाही. याची बाजू घेणारे म्हणतात की टॉमीसाठी शहर म्हणजे कामावर जायचा रस्ताच असणार. हे मला पटत नाही. टॅक्सीवाल्याला शहर पाठ असतं ते गल्ल्यांमुळे नाही, माणसांमुळे. इतकं बारकाईने बांधलेलं शहर, आणि ते शूटिंग संपल्यावरच्या सेटसारखं उभं.

आता इतिहासाकडे येतो, कारण या गेमचं कौतुक नेहमी 'वास्तववादी' या एका शब्दात होतं आणि तो शब्द जरा तपासायला हवा.

वर्षं अचूक निवडली आहेत. अमेरिकेत दारूबंदी १७ जानेवारी १९२० रोजी लागू झाली आणि ५ डिसेंबर १९३३ रोजी उठली. या तेरा-चौदा वर्षांत गल्लीतल्या टोळ्यांचे कारखाने झाले. मुंबईकराला हे समजावून सांगावं लागत नाही. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हातभट्ट्या आणि त्यांच्यावर पोसलेले दादा कसे वाढले हे मागच्या पिढीने डोळ्यांनी पाहिलं आहे. गेममधली सालिएरी आणि मोरेल्लो यांची दुष्मनीही काळाला धरून आहे. १९३०-३१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोन इटालियन गटांचं खरोखरच युद्ध पेटलं होतं. मोरेल्लो हे नाव तर थेट त्या इतिहासातलं. जुसेप्पे मोरेल्लो हा जुना डॉन १५ ऑगस्ट १९३० रोजी मारला गेला. १५ एप्रिल १९३१ रोजी जो मासेरिया एका उपाहारगृहात संपला, त्याच सप्टेंबरमध्ये साल्वातोरे मारान्झानो आपल्याच कार्यालयात. या धुमश्चक्रीतून वर आला तो लकी लुचियानो. (सालिएरी नावावरून मला मिलॉश फोरमनचा 'अमाडेउस' आठवतो. झेक दिग्दर्शक, चित्रीकरणही प्रागमध्ये. संबंध असेलच असं नाही, आपला एक तर्क.)

इथवर ठीक. पण गेमचा कणा आहे टॉमीची कबुली. १९३८ मध्ये तो एका कॅफेत नॉर्मन नावाच्या डिटेक्टिव्हसमोर बसतो आणि सौदा करतो. मी सगळं सांगतो, तुम्ही माझ्या कुटुंबाला वाचवा. सगळा गेम म्हणजे त्याने सांगितलेली हकीकत. साक्षी झाल्या, टोळी आत गेली, टॉमीला नवं नाव आणि नवं शहर मिळालं. हा भाग १९३८चा नाहीच. साक्षीदाराला नवी ओळख देऊन वसवण्याची संघीय योजना अमेरिकेत १९७०च्या कायद्याने आली. माफियाच्या आतल्या माणसाने सिनेटच्या समितीसमोर उघडपणे तिची रचना सांगितली ती जो वालाचीने, १९६३ मध्ये. टॉमीची कबुली ज्या साच्यातली वाटते तो साचा १९८० मध्ये साक्षीदार झालेल्या हेन्री हिलचा आहे, आणि जगाला तो भेटला १९९०च्या 'गुडफेलाज' चित्रपटात. पडद्यावरून अमेरिका शिकलेल्या पिढीबद्दल मघाशी म्हटलं ते याचसाठी. अंगरखा १९३८चा, आतला माणूस १९८०चा.

त्या काळात फितूर झालेल्याचं काय व्हायचं, याचं खरं उदाहरण आहे एब रेलिस. ब्रुकलिनच्या मारेकऱ्यांच्या टोळीतला हा माणूस १९४० मध्ये सरकारी साक्षीदार झाला आणि त्याच्या साक्षीने साथीदार विजेच्या खुर्चीवर गेले. त्याला ठेवलं होतं कोनी आयलंडच्या हाफ मून हॉटेलमध्ये, चोवीस तास पोलीस पहाऱ्यात. १२ नोव्हेंबर १९४१ रोजी सकाळी तो खिडकीतून खाली पडून मेला. पळायला गेला की ढकलला, हे कधीच ठरलं नाही. पहारा देणारेच विकले गेले असतील ही शंका तेव्हापासून आजवर आहे. १९३८च्या टॉमीला हे भय असायला हवं होतं. समोर बसलेला डिटेक्टिव्ह उद्या कुणाचा असेल? गेममध्ये विकले गेलेले पोलीस आणि राजकारणी आहेत, पण नॉर्मनच्या सचोटीवर एकदाही सावली पडत नाही.

आणखी एक सल आहे. लुचियानोला जून १९३६ मध्ये शिक्षा झाली, तीस ते पन्नास वर्षांची. सरकारी वकील टॉमस ड्यूईने ती मिळवली कुणाच्या साक्षींवर? वेश्याव्यवसायातल्या बायकांच्या. ज्यांना कुणी मोजत नव्हतं त्या न्यायालयात उभ्या राहिल्या आणि बोलल्या. (त्यांच्या साक्षी कितपत खऱ्या यावर वाद झाला, नंतर काहींनी त्या मागेही घेतल्या, पण शिक्षा टिकली.) 'माफिया'तही वेश्यागृहाचं एक मिशन आहे. तिथल्या मिशेलला ठार मारायचा हुकूम असतो आणि टॉमी तिला सोडून देतो. ती रडते, निघून जाते. म्हणजे जिच्यासारख्या बायकांनी त्या दशकातला सगळ्यात मोठा डॉन पाडला, ती इथे नायकाच्या चांगुलपणाचा पुरावा म्हणून येते. सॅराचंही तेच. एका मिशनमध्ये तिला घरी पोचवायचं, मग ती बायको होते आणि गोष्टीतून जवळजवळ नाहीशी होते.

महामंदीबद्दलही बोलायला हवं. १९३३ मध्ये अमेरिकेत दर चार कामगारांतला साधारण एक बेकार होता. लॉस्ट हेवनमध्ये मंदी संवादांत डोकावते, रस्त्यावर तिचं ओझं जाणवत नाही. वर्णभेदाला तर कथेत जागाच नाही. ती कसर पुढे 'माफिया ३'ने काढली. तो २०१६ मध्ये आला, काळ १९६८चा, नायक कृष्णवर्णीय सैनिक. त्या गेममध्ये इतिहास कितीतरी धीट आहे. पण तीच ती कामं इतक्या वेळा करायला लावतात की मी हात टेकले.

संगीत मात्र वेगळ्या प्रकारे फसवं आहे आणि तिथे माझी तक्रार नाही. रस्त्यांवर जँगो राइनहार्टची गिटार वाजते. जँगो जन्माने बेल्जियममधला रोमा, नाव कमावलं पॅरिसमध्ये, त्याचा प्रसिद्ध वाद्यवृंद १९३४चा, आणि यातल्या काही चिजा तर चाळीसच्या दशकातल्या. अमेरिकेतल्या १९३०च्या रस्त्यावर हे वाजणं शक्य नाही. पण ब्रनोतल्या माणसाला 'जुना जॅझ' म्हटल्यावर जे ऐकू येतं ते हेच असणार, आणि त्या गाड्यांच्या संथ चालीला ते असं काही बिलगतं की विचारू नका. २०१७ मध्ये गेम डिजिटल दुकानात पुन्हा विक्रीला आला तेव्हा हक्कांच्या कारणाने ही गाणी काढून टाकलेली होती. शहर अजूनच रिकामं झालं.

शेवट सांगायला हरकत नाही, इतकी वर्षं झाली. १९५१ साल. वयस्क टॉमी आपल्या घरासमोर हिरवळीला पाणी घालतोय. दोन माणसं येतात, नाव विचारून खात्री करून घेतात, सालिएरीचा निरोप देतात आणि गोळी घालतात. योजनेचं वर्ष चुकलं असेल, पण तिच्यावर किती विसंबावं याचं उत्तर गेमने बरोबर दिलं. २०१० मध्ये 'माफिया २' आला आणि त्यात हाच प्रसंग मारणाऱ्यांच्या बाजूने खेळावा लागतो. त्यांच्यासाठी ते अनेक कामांपैकी एक काम.

व्हावरा पुढे या कंपनीतून बाहेर पडला, २०११ मध्ये त्याने वॉरहॉर्स स्टुडिओ उभारला आणि २०१८ मध्ये 'किंगडम कम : डिलिव्हरन्स' आणला. या वेळी अमेरिका नाही, १४०३चं बोहेमिया, म्हणजे त्याचं स्वतःचं अंगण. हट्ट तोच. भूक लागते, झोप लागते, तलवार शिकल्याशिवाय चालवता येत नाही, आणि गेम हवा तेव्हा साठवायचा तर एक विशिष्ट दारू जवळ असावी लागते. पडद्यावरून उसना घेतलेला काळ सोडून त्याने पायाखालचा काळ घेतला, आणि लढाई, कपडे, मठ यांचे तपशील तपासायला इतिहासकार बरोबर घेतले. मला हा गेम 'माफिया'पेक्षा कमी आवडतो, पण जास्त पटतो.

मूळ 'माफिया' २०२० मध्ये 'हँगर १३'ने नव्याने बांधला. सॅराला बोलायला जागा दिली, चेहरे जिवंत केले, गाड्या सर्वांना जमतील अशा केल्या. वेगासाठी आणि सिग्नलसाठी पोलिसांनी अडवावं, गाड्या जुन्यासारख्या जड असाव्यात, बदललेल्या मॅगझिनमधल्या गोळ्या वाया जाव्यात असं वाटत असेल, तर सुरुवातीलाच 'क्लासिक' ही काठिण्यपातळी निवडायची. मी तीच निवडली. शर्यतीला दोन संध्याकाळी गेल्या.